तळाचं कॅरेक्टर घेऊन सामना कसा खेळायचा: गॅननडॉर्फ, लिटल मॅक आणि किंग डीडीडी

जळगावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी सात-आठ जण जमतात आणि ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ हा निंटेंडो स्विचवरचा मारामारीचा गेम खेळतात. यात समोरच्याला मारून स्टेजबाहेर उडवलं की त्याचं एक लाइफ जातं. दोघं भुसावळहून रेल्वेनं येतात, एक पारोळ्याहून एसटीनं. नव्या माणसाला बहुतेक वेळा गॅननडॉर्फच आवडतो. अंगानं दांडगा, एका फटक्यात समोरच्याला उडवणारा. महिनाभर हरला की तो म्हणतो, “हाऊ काही कामना नही,” आणि कॅरेक्टर सोडून देतो. लिटल मॅक आणि किंग डीडीडी यांचंही तसंच होतं. कॅरेक्टरांच्या ताकदीच्या जाणकारांनी केलेल्या याद्यांमध्ये हे तिघं तळाला असतात हे खरं आहे. पण मी पाहिलेले बहुतेक पराभव कॅरेक्टरमुळे नव्हे, तर कामं उलट्या क्रमानं केल्यामुळे झालेले आहेत. म्हणून तो क्रम इथे लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. तळाचं कॅरेक्टर सगळीकडून कमकुवत नसतं, त्याची खोट ठरावीक जागी असते. मॅकची हवेत. गॅननडॉर्फची दुरून जवळ येताना आणि स्टेजबाहेर. डीडीडीची हवेत आडवं सरकताना. आपल्याकडे केळीच्या बागेला ज्या बाजूनं वारा लागतो त्या बाजूला शेवरीची ताटी आधी उभी करतात, खोडं नंतर सांभाळतात. इथेही तसंच करायचं. सामना खोटीच्या जागी जाऊ द्यायचा नाही, आणि गेलाच तर तिथून कमी नुकसानीत परत यायचं.

टप्पा १ : खेळण्याआधीची मांडणी

पूर्ण कंट्रोलर घ्या. आडवा धरलेला एकच जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) या तिघांसाठी पुरत नाही, कारण त्यावर उजवी स्टिक नसते आणि ती आपल्याला लागणार आहे.

मग ऑप्शन्समधल्या कंट्रोल्समध्ये दोन बदल करा.

पहिला, स्टिक वर ढकलल्यावर आपोआप उडी मारण्याची सोय बंद करा. स्टेजबाहेर असताना वर आणि बी दाबायला जावं आणि त्याआधीच उरलेली उडी वाया जावी, असं नवख्यांचं सारखं होतं. चांगली रिकव्हरी, म्हणजे स्टेजबाहेरून परत येण्याची ताकद, असलेल्या कॅरेक्टरला ही चूक परवडते. मॅकला परवडत नाही, तो सरळ खाली जातो.

दुसरा, उजवी स्टिक स्मॅशऐवजी (स्टिक जोरात ढकलून मारायचा जड फटका) टिल्ट हल्ल्याला (स्टिक हळू ढकलून मारायचा हलका फटका) लावा. या तिघांचं रोजचं काम टिल्टवर चालतं. घाईत डावी स्टिक जोरात ढकलली जाते, टिल्टऐवजी स्मॅश निघतो आणि तुम्ही अर्धा सेकंद उघडे पडता.

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. सामन्याचे नियम स्पर्धेचे ठेवा: प्रत्येकी ३ लाइफ, ७ मिनिटं, वस्तू बंद, स्टेजवरचे अडथळे बंद. वस्तू चालू ठेवून शिकलेलं पुढे उपयोगी पडत नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी खेळत असाल तर शेजारी सुती रुमाल ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगठा घामानं स्टिकवरून घसरतो आणि टिल्टचा पुन्हा स्मॅश होतो. गोष्ट लहान आहे, पण त्यापायी लाइफ गेलेलं मी पाहिलं आहे.

तपासणी: ट्रेनिंगमध्ये सलग वीस वेळा उजव्या स्टिकनं पुढचा टिल्ट मारा. एकही स्मॅश निघाला नाही तरच पुढे जा.

टप्पा २ : कॅरेक्टर कशासाठी घेताय ते ठरवणं

तिघांपैकी एकच निवडा आणि निदान दोन महिने बदलू नका. डिसेंबर २०२१ पासून या गेममधल्या कॅरेक्टरांच्या ताकदीत बदल झालेला नाही. पुढच्या अपडेटमध्ये आपला गडी सुधारेल या आशेवर बसू नका, आहे त्यावरच शिका.

गॅननडॉर्फ : वजन ११८, म्हणजे मारिओच्या ९८ पेक्षा बराच जड. त्यामुळे जास्त मार खाऊन टिकतो. मारा प्रचंड. दुरून फेकायला काहीच नाही.

लिटल मॅक : जमिनीवर अतिशय वेगवान. जॅब, म्हणजे स्टिक न ढकलता मारायचा साधा ठोसा, गेममधल्या सर्वांत चपळ जॅबपैकी एक. स्मॅश सुरू होताना अंगावर कवच असतं, म्हणजे फटका खाऊनही त्याचा स्मॅश थांबत नाही. वजन ८७. हवेतले फटके अगदी दुबळे.

किंग डीडीडी : वजन १२७, हवेत अनेक उड्या, हातोड्याचा लांब पल्ला. हवेत आडवं सरकणं मात्र अतिशय संथ.

थांबून नेम धरणाऱ्याला गॅननडॉर्फ जमतो. हात चपळ असेल आणि उडी मारायची सवय मोडायची तयारी असेल तर मॅक घ्या. कडेवर चिकाटीनं पहारा देता येत असेल तर डीडीडी.

टप्पा ३ : परत येणं, सगळ्यात आधी

बहुतेक जण आधी कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके) शिकतात आणि रिकव्हरी शेवटी. ही या लेखातली सगळ्यात महागडी चूक आहे. उलट करा. पहिला आठवडा फक्त स्टेजबाहेरून कडेवर परत येण्यावर घालवा.

बॅटलफील्ड ही स्टेज घ्या. कडेवरून खाली उतरा, थोडं लांब जा, परत या. रोज वीस वेळा डावीकडून, वीस वेळा उजवीकडून. यात तीन गोष्टी पाहायच्या.

एक, हवेतली उडी कधी वापरता. उडाल्याबरोबर घाबरून उडी मारायची नाही. आधी स्टिक स्टेजकडे धरून जमेल तेवढं सरका, उडी राखून ठेवा, कडेच्या खाली जायला लागलात की वापरा. ती उडी गेली की समोरच्याला तुमचा उरलेला मार्ग डोळ्यांसमोर दिसतो.

दोन, वरच्या स्पेशलची, म्हणजे वर आणि बी दाबून घ्यायच्या उसळीची, उंची नेमकी किती. मॅकला ती फार थोडी मिळते. टीव्हीजवळ बसा आणि कडेच्या दगडावरची एखादी खूण पकडा. त्या खुणेच्या खाली गेल्यावर वर आणि बी दाबलं तर हात कडेला लागतो की नाही, हे पाचदा करून बघा. मी ती खूण टीव्हीच्या चौकटीवर चिकटपट्टी लावून दाखवतो. पारोळ्याच्या मुलाला दोन रविवार तोंडानं सांगून कळलं नव्हतं. चिकटपट्टी लावल्यावर दहा मिनिटांत त्याचा अंगठा आपोआप त्या रेषेवर दाबायला लागला.

तीन, प्रत्येक वेळी तोच मार्ग नको. कडेला हात लागतो त्या क्षणी दोन फ्रेमपुरतं अंग उघडं असतं. सेकंदाला ६० फ्रेम असल्या तरी जाणता खेळाडू तेवढ्यात मारतो. तुमची वेळ एकसारखी असेल तर त्याचं काम सोपं होतं. एकदा लवकर या, एकदा उशिरा, एकदा उंचावरून थेट स्टेजवर उतरा.

मार खातानाही स्टिक मोकळी सोडू नका. आडवे उडालात तर ती स्टेजच्या दिशेनं धरा. सरळ वर उडालात तर डावीकडे किंवा उजवीकडे. यानं मार्ग थोडा वाकतो आणि अनेकदा एक लाइफ वाचतं. गॅननडॉर्फ आणि डीडीडीला याचा दुहेरी फायदा आहे. या गेममध्ये मार टक्क्यांत मोजतात आणि टक्के वाढतील तसा माणूस लांब उडतो; पण अंगावरचा मार ३५ टक्क्यांवर गेला की तुमच्या फटक्याचा धक्का वाढू लागतो आणि १५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. जड गडी जखमी होऊनही स्टेजवर टिकला तर तो आधीपेक्षा जास्त धोकादायक असतो.

इशारा: मॅक घेऊन स्टेजबाहेर जाऊन समोरच्याला मारायचा मोह आवरा. हवेत तुमचा फटका त्याला गुदगुली करतो, त्याचा फटका तुमचं लाइफ नेतो. कडेवर उभे राहा, तो वर येईल तेव्हा मारा.

तपासणी: वीसपैकी सतरा वेळा परत आलात तर टप्पा ४. नाहीतर आणखी चार दिवस हेच.

टप्पा ४ : जवळ जाणं

गॅननडॉर्फ इथेच मरतो. लिंक बाण मारतोय, बूमरँग फेकतोय, आणि आपला माणूस पळत सुटतो, उडी मारतो, हवेत बाण खातो, पुन्हा पळतो. पारोळ्याच्या त्याच मुलाचा एक सामना मी वहीत टिपला. पहिल्या लाइफमध्ये त्यानं पुढचा स्मॅश अकरा वेळा मारला. एकदा लागला.

उपाय कंटाळवाणा वाटेल पण तोच खरा आहे: चाला. पळू नका. चालताना कोणत्याही क्षणी शिल्ड, म्हणजे फटका अडवणारी ढाल, धरता येते. चार पावलं चाला, बाण आला की शिल्ड, बाण आदळला की सोडा, पुन्हा चाला. हात बसला की फटका शिल्डला लागण्याच्या नेमक्या क्षणी शिल्डचं बटण सोडायला शिका. तसं जमलं तर तो पॅरी होतो, शिल्ड झिजत नाही आणि पुढची चाल तुमच्याकडे येते.

तुम्हाला समोरच्याच्या अंगाशी जायचं नाहीये. त्याला स्टेजच्या टोकाकडे ढकलायचं आहे. अर्धी स्टेज तुमच्या पाठीमागे आली की त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात: डोक्यावरून उडी, अंगावर धाव किंवा कडेबाहेर माघार. दुरून फेकाफेकीला त्याला जागा राहत नाही. आता चूक करायची पाळी त्याची.

मॅकला चालावं लागत नाही, तो पळून क्षणात पोहोचतो. त्याची चूक वेगळी: पोहोचल्या पोहोचल्या मारतो. पळत जा, त्याच्या पल्ल्याच्या किंचित बाहेर थांबा, त्याचा फटका हवेत जाऊ द्या, मग खालचा टिल्ट किंवा जॅब. समोरचा घाबरून शिल्ड धरून बसला तर मॅकचा पुढचा स्मॅश खाली झुकवून मारा. त्यानं शिल्ड भराभर झिजते. शिल्ड फुटली तर समोरचा डोळे गरगरत उभा राहतो, तेव्हा मात्र हवा तितका वेळ घेऊन मारा.

डीडीडीची मंडळी गोर्डो, तो काटेरी गोळा, मिळेल तिथून फेकत सुटतात. गोर्डोला हलका फटका बसला तरी तो उलटून तुमच्याच अंगावर येतो. समोरचा जमिनीवर मोकळा उभा असताना फेकू नका. तो कडेला लटकलेला असताना किंवा हवेतून खाली येताना फेका. स्टिक वर किंवा खाली धरून फेकीची उंची बदलते, तीही आलटून पालटून वापरा. आणि जेट हॅमर (ताकद भरून मारायचा हातोडा) खूप वेळ भरून धरला तर डीडीडी स्वतःच जखमी होतो, हे विसरू नका.

इशारा: ऑनलाइन मिळालेल्या विजयावरून स्वतःला मोजू नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बटण आणि हालचाल यांत उशीर होतो, समोरच्याला संथ फटकाही बघून चुकवता येत नाही, आणि गॅननडॉर्फ आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. तोच समोरचा शेजारी बसला की तेच फटके सहज चुकवतो. आमच्याकडे धुळ्याहून आलेला एक जण याच गोष्टीनं फार दुखावला गेला होता. ऑनलाइन भरपूर जिंकलेला, खोलीत एकही सामना मिळाला नाही. चूक त्याची नव्हती, मापाची होती.

टप्पा ५ : कोणता फटका कधी

गॅननडॉर्फचा वॉरलॉक पंच बाहेर यायला एक सेकंदाहून जास्त लागतो. पुढचा स्मॅश जवळपास अर्धा सेकंद. समोरचा झोपलेला असेल, शिल्ड फुटलेली असेल किंवा तो नेमका कुठे उतरणार हे तुम्हाला माहीत असेल तेव्हाच हे दोन्ही. रोजच्या वापराला हे ठेवा: पुढचा टिल्ट, खालचा टिल्ट, हवेतली साधी लाथ आणि हवेत वर मारायची लाथ. त्यातली शेवटची त्याच्या मानानं चपळ आहे. कमी उंचीची उडी मारून हवेतला फटका मारायचा असेल तर उडी आणि हल्ला ही बटणं एकदम दाबा, उडी आपोआप ठेंगणी होते. मात्र ठेंगण्या उडीतल्या फटक्याचा मार थोडा कमी होतो. कोणत्या टक्क्यावर समोरचा मरेल याचा हिशेब करताना हे धरा.

फ्लेम चोक, म्हणजे गळा धरून आपटणं, हा त्याचा सर्वांत चांगला फटका, आणि तो वापरण्यात सगळे एकच चूक करतात: आपटल्याबरोबर डोळे मिटून पुढचा फटका मारतात. समोरच्याकडे चार वाटा असतात: जागीच सावरून उठणं, डावीकडे लोळणं, उजवीकडे लोळणं, किंवा काहीच न करता पडून राहणं. पहिल्या तीन-चार वेळा काहीच मारू नका, फक्त बघा. बहुतेक माणसं दोनच वाटा वापरतात. ती सवय कळली की तिसऱ्या लाइफला पुढचा स्मॅश तिथे ठेवा. भुसावळच्या एकाची सवय ओळखायला मला पाऊण सामना लागला: तो नेहमी कडेपासून लांब, स्टेजच्या मधोमध लोळायचा. त्यानंतर त्याच जागी तीनदा स्मॅश लागला.

मॅकच्या बाबतीत टक्केवारीजवळच्या मीटरवर नजर हवी. मार दिला आणि खाल्ला की ते भरतं. भरलं की साधा स्पेशल (नुसतं बी दाबून मारायचा फटका) केओ अपरकट होतो आणि जमिनीवरून मारला तर तो शिल्डलाही जुमानत नाही. मीटर भरल्याबरोबर समोरचा उड्या मारत लांब पळायला लागतो, आणि आपला मॅकही त्याच्यामागे हवेत जातो. तसं करू नका. मध्यभागी उभे राहा. त्याच्या पळण्यामुळे स्टेज तुमची झाली, हाच पहिला नफा. तो उतरेल त्या जागी जा, शिल्ड धरेल तेव्हा मारा. फार वेळ दवडूही नका, जोराचा मार खाल्लात तर मीटर हातचं जातं.

आणखी एक हिशेब. एकच फटका परत परत मारला की त्याची ताकद उतरते. गेम तुमचे शेवटचे नऊ लागलेले फटके लक्षात ठेवतो. मारून उडवायचा फटका सुरुवातीपासून झिजवू नका, राखून ठेवा.

तपासणी: मित्राला शिल्ड धरून उभा करा. तुमचा नेहमीचा फटका शिल्डवर मारा आणि त्याला सांगा, जमेल तेव्हा पकड. पाचपैकी चार वेळा त्यानं पकडलं तर तो फटका शिल्डवर मारायचा नाही किंवा आणखी लांबून मारायचा.

टप्पा ६ : स्टेज निवडणं

मॅकला सपाट मैदान पाहिजे. फायनल डेस्टिनेशन मिळालं तर घ्या. बॅटलफील्ड आधी बाद करा, कारण त्या तीन फळ्यांवर चढून समोरचा बसला की तुम्हाला हवेतच जावं लागतं. गॅननडॉर्फला उलट. सपाट मैदानावर फेकाफेकी करणाऱ्याविरुद्ध त्याला आडोसा नसतो, आणि फळीखालून मारलेली वरची लाथ फळीवरच्याला लागते. लहान आणि फळ्या असलेली स्टेज बरी. डीडीडीला स्टेजचा तेवढा फरक पडत नाही, त्याला कडेवर गोर्डो ठेवायला जागा मिळाली की पुरे.

पहिला सामना हरलात आणि स्टेज निवडायची पाळी तुमची आली तर आवडती नको, खोट झाकणारी घ्या. रागाच्या भरात मागचीच स्टेज पुन्हा मागणारे फार असतात.

टप्पा ७ : आघाडी मिळाल्यावर

एक लाइफ पुढे गेलात की थांबा. तळाच्या कॅरेक्टरला आघाडी क्वचित मिळते आणि मिळाली की ती उधळली जाते, कारण हात गरम असतो. आता जवळ जायची गरज त्याला आहे, तुम्हाला नाही. म्हणजे टप्पा ४ मधलं सगळं ओझं त्याच्यावर गेलं. मधोमध उभे राहा, शिल्ड, चालणं, टिल्ट. सात मिनिटांचं घड्याळही तुमच्या बाजूनं आहे.

इशारा: स्टेजबाहेर फ्लेम चोकनं समोरच्याला घेऊन खाली जायचा डाव आघाडीवर असताना करू नका. दोघांचं एकेक लाइफ जातं आणि सामना उगाच आखडतो.

टप्पा ८ : वही

प्रत्येक सामन्यानंतर, पुढचा सुरू होण्याआधी, तीन ओळी लिहा. प्रत्येक लाइफ कुठे गेलं: हवेत, कडेवर, जवळ जाताना की स्वतःचा फटका फसल्यावर. कारणांची चर्चा लिहू नका, जागा लिहा. चार रविवारांनी वही उघडून मोजा. कडेवर जास्त गेली असतील तर पुन्हा टप्पा ३, रोज वीस-वीस. जवळ जाताना गेली असतील तर पुढचा रविवार लिंक खेळणाऱ्या मित्राला बाण मारायला लावा आणि तुम्ही एकही फटका न मारता, फक्त चालत आणि शिल्ड धरत त्याच्यापर्यंत पोहोचा. दहापैकी सात वेळा पोहोचलात की मारायला सुरुवात करा.